भिंत काढायची आहे, मिस्त्री एक सांगते आन इंजिनिअर दुसरंच

मानेवाडावाला:
घर १९८८ चं, कॉलम नाहीत, सगळा स्लॅब विटांच्या भिंतींवर. हॉल आन स्वयंपाकघराच्या मधली नऊ इंची भिंत काढायची आहे. मिस्त्री म्हणते गर्डर (लोखंडी तुळई) टाकून देतो, चार दिवसांचं काम, वीस वर्षांपासून हेच करून राहिलो. इंजिनिअर म्हणते आधी पाया उकरून दाखवा, आन खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे तिचं कारण कळेपर्यंत भिंतीला हात लावू नका. मिस्त्रीच्या मते ती भेग नुसती छपाईची (प्लास्टरची). त्या भिंतीला लागूनच आईची खोली आहे, म्हणून लय धाकधूक होऊन राहिली. कोणाचं ऐकू?

मिस्त्रीचा पोरगा:
भाऊ, माझे बाबा आयुष्यभर मिस्त्रीकामात होते, गर्डर टाकणं त्यांच्या हातचं काम होतं. तुमच्या मिस्त्रीला दोनच गोष्टी विचारा, गर्डरची टोकं कशावर टेकवणार (नुसत्या विटेवर टेकवली तर खालची वीट चुरते, तिथं काँक्रीटचा ठोकळा पाहिजे) आन फोडायच्या आधी स्लॅबला दोन्ही बाजूनं टेकू लावणार का. बरोबर सांगितलं तर माणूस कामाचा आहे. पण वरून वजन किती येते आन गर्डर केवढा लागते हे बाबा अंदाजानंच धरायचे, तो हिशोब इंजिनिअरकडूनच कागदावर घ्या.

सिव्हिलवाली:
दादा, कूलर कुठं बसवता? आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आन मे महिन्यात ४५ डिग्रीत आकसते, त्यात एकाच कोपऱ्यात पाणी मुरत राहिलं की पाया सगळीकडे सारखा हलत नाही, मग भेग खिडकीच्या कोपऱ्यातूनच तिरपी निघते. छपाईची भेग केसासारखी बारीक असते, विटेत जात नाही. थोडी छपाई खरवडून पाहा, वीट पण तडकली असेल तर इंजिनिअरचं बरोबर आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसवा, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की करा, बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे घर अजून हलून राहिलं, तेव्हा भिंत काढायची नाही म्हणजे नाही.

मानेवाडावाला:
ताई, कूलर त्याच खिडकीत आहे, पाणी खाली जोत्यापाशीच ठिबकते. आत्ता खरवडून पाह्यलं, दोन विटा मधोमध तडकल्या आहेत. पट्टी लावली, कूलर मागच्या खिडकीत नेला. मिस्त्रीला फोन केला, रविवारी इंजिनिअरसमोर पाया उकरायला तोच येणार आहे.