पहिल्या वर्षाला साताऱ्यात खोली करावी की गावाहून एसटीने ये-जा?

दहिवडीकर (धागाकर्ता)
बारावीचा निकाल लागला की आमच्याकडं दरवर्षी हाच विषय निघतो. पोरगं साताऱ्याला ॲडमिशन घेतंय, खोली करायची की पास काढायचा? मी आता टीवाय बीकॉमला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. माझं मत आधीच सांगतो: जमत असेल तर पहिल्या वर्षाला खोली कराच. पुढची दोन वर्षं ये-जा केली तरी चालतंय. लोक नेमकं उलटं करतात.

मी पहिले चार महिने दहिवडीहून ये-जा केली. रोजचे चार तास गाडीत. शेवटचा तास संपायच्या आत आम्ही माण-खटाववाले सॅक पाठीला लावून तयार, कारण गाडी चुकली की झालंच. बारावीपर्यंत अकाउंट्स मराठीत शिकलेलो. इथं सर डेप्रिसिएशन डेप्रिसिएशन म्हणत होते आणि मी स्पेलिंग लावत बसायचो. तो आपला घसाराच, हे मला ऑक्टोबरात कळलं. घसारा तर मी झोपेत काढला असता राव! पण विचारणार कुणाला, वर्गात कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर साताऱ्यातच सदर बझारात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहिलो. शेजारच्या कॉटवर फलटणचा पोरगा. त्यानं एका रात्रीत वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडून दिले. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, धनको म्हणजे क्रेडिटर, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. ते पान अजून जपून ठेवलंय.

कोरेगावची
‘जमत असेल तर’ म्हणून पुढं सरकलात, पण सगळं तिथंच तर अडतंय. कॉटचं भाडं, वर डिपॉझिट, वर मेस. आमच्याकडं उसाचं बिल आल्याशिवाय मोठा खर्च निघत नाही. पासाला निदान तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात.

आणि आम्हा पोरींचं वेगळंच. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता. एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, पहिल्यांदा पासाचे पैसे मागितले तर वडील म्हणाले, “रोज जायलाच पाहिजे का?” त्या घरात खोलीचं नाव कोण काढणार?

ओळखीपाळखीचं म्हणाल तर माझ्या सगळ्या मैत्रिणी गाडीतल्याच. खिडकीतून रुमाल टाकून चौघींची जागा धरायची, आणि पोवई नाका येईपर्यंत कालच्या तासाची उजळणी. तुम्ही चार महिने गाडीत झोपला असाल, त्याला एसटी काय करणार?

दहिवडीकर
झोपायचोच, खोटं कशाला बोलू. पण कोरेगाव कुठं आणि दहिवडी कुठं! तुमची उजळणी होईपर्यंत आमची गाडी पुसेगावलाच असायची.

जुना विद्यार्थी
खोलीच्या बाजूनं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते उगाच नाही. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पुस्तकातलं शिक्षण गावाहून येऊनही मिळतं, हे दुसरं शिक्षण एकत्र राहिल्याशिवाय मिळत नाही.

कोरेगावची
कर्मवीर अण्णांचं नाव घेतलंत म्हणून विचारते. त्या बोर्डिंगात घरी पैसे नसले तरी पोरगं राहायचं, राबून शिकायचं. तुमच्या खोलीमालकाला एकदा सांगून बघा, भाड्याऐवजी बागेत काम करतो म्हणून.

जुना विद्यार्थी
हे मात्र बिनतोड. पण ‘कमवा आणि शिका’, म्हणजे कॉलेजातच काम करून पैसे मिळवायची योजना, अजून बंद पडलेली नाही. आपल्या कॉलेजात आहे का, हे ॲडमिशनच्या वेळीच विचारा. भाडं सुटणार नाही, वरखर्च निघेल.

भीमनगर
अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी: समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधारचा, म्हणजे बाहेर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा अर्ज भरा. कागद आधीच गोळा करून ठेवा. मी आळस केला आणि एक वर्ष घालवलं.

खडू-फळा
मी पहिल्या वर्षाला शिकवतो, म्हणून थोडी गंमत सांगतो. सकाळच्या पहिल्या तासाला दांडी कोण मारतं? पाच मिनिटांच्या अंतरावर खोली असणारे. दोन तास प्रवास करून आलेली पोरं पहिल्या बाकावर असतात, डोळे लाल का असेनात.

तरीही मत विचाराल तर धागाकर्त्याकडं झुकतो. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं. आता वर्षाला ४४ क्रेडिट. मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), मूल्यशिक्षण, अंतर्गत मूल्यमापन. वेळापत्रकाला भोकं पडलीत, सकाळी दोन तास आणि मग एकदम दुपारी एक. त्या मधल्या वेळात खोलीवाली मुलं जेवून, लायब्ररीत बसून येतात. गावाकडची बरीचशी स्टँडच्या दिशेला लागलेली असतात, आणि दुपारचं प्रेझेंटेशन नेमकं त्यांचंच राहतं. हुशारीत कमी म्हणून नव्हे.

एक आई, मेढा
सगळ्यांचं वाचलं. मुलगी यंदा एफवायला, खोली केलीय. रोज फोनवर “बरं चाललंय” एवढंच म्हणते. परवा तिची मेसची वही बघितली, महिन्यात अकरा खाडे. पैसे वाचवती का जेवण जात नाही, कळेना. ये-जा करत असती तर ताट तरी दिसलं असतं.

दहिवडीकर
काकू, पहिले दोन महिने मेसचं जेवण कुणालाच जात नाही. माझे तर चौदा खाडे होते. डबा पाठवा. साताऱ्याच्या गाडीत ड्रायव्हरकाकांकडं दिला, वर नाव आणि कॉलेजचं वर्ष लिहिलेली चिठ्ठी बांधली, की ती स्टँडवरून घेईल. तांब्या-पितळेचा नको, परत यायची खात्री नसते.

कोरेगावची
म्हणजे खोली साताऱ्यात आणि जेवण एसटीतून! आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा काय करता हो?

दहिवडीकर
शनिवारच्या डब्यातली बाजरीची भाकरी. कडक झालेली असते, दुधात चुरायची. आईचा खर्डा असला तर दूधही लागत नाही.