ट्यूनिंगनंतर गाडी सिग्नलला बंद पडतेय, मदत हवी आहे
मंडळी, जरा मार्ग सुचवा. माझी ३९० सीसी सिंगल सिलेंडर बाईक आहे, महिन्याभरापूर्वी फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला आणि सोबत पिगीबॅक ईसीयू (कंपनीच्या ईसीयूला जोडून इंधनाचं प्रमाण बदलणारा जादा बॉक्स) बसवून घेतला, तेव्हापासून हायवेला गाडी मस्त पळते, खंबाटकी घाट एका दमात चढते, पण इंजिन गरम झालं की सिग्नलला क्लच दाबला रे दाबला की आरपीएम धपकन खाली आणि बंद. सकाळी थंड असताना काही त्रास नाही. काल स्वारगेटला तीनदा बंद पडली, मागे पीएमटी हॉर्न वाजवतेय, बायको मागे बसलेली, खरंच घाबरलो.

प्लग काढून बघितला तर कोरडी काळी काजळी, म्हणजे मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) वाटतंय. थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. ज्याने ट्यून केलं तो म्हणतो ओटू ऑप्टिमायझर (ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलणारं उपकरण) लाव, पण त्याने तर हवा-पेट्रोलच्या १४.७ या प्रमाणाच्या जागी अजून रिच होणार ना?

रविवारी पिगीबॅकचे कपलर काढून स्टॉकवर (कंपनीच्या मूळ ईसीयूवर) चालवून बघणार आहे. त्यातही बंद पडली तर आधी काय तपासू, टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) रीसेट की आयडल स्टेपर मोटर (उभ्या गाडीचा आरपीएम सांभाळणारी)? कुणाला सेम प्रॉब्लेम आला असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जायचंय.