मदत हवी आहे : आर्किटेक्चरची श्रीलंका अभ्याससहल, कर्ज काढून जावं का?

नमस्कार. मी कोल्हापुरात बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात. जानेवारीत कॉलेजची आठ दिवसांची श्रीलंका सहल निघतेय, माणशी ७८ हजार. दुपारचं जेवण, काही तिकिटं आणि पासपोर्टचा खर्च वेगळा. निम्मे पैसे १५ ऑक्टोबरच्या आत भरायचे आहेत.

अडचण इथेच आहे. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना सांगायला नको, ऑक्टोबर म्हणजे छाटणी. मजुरी, फवारण्या, सगळा खर्च त्याच दोन महिन्यांत येतो आणि पैसा दिसतो फेब्रुवारी-मार्चला माल गेल्यावर. बाबा म्हणतात, "तू जा, सोसायटीतून उचलू." ते म्हणतात म्हणूनच माझा पाय निघत नाही.

कार्यक्रम असा : कोलंबो, कँडी, सिगिरिया हा खडकावरचा किल्ला, कंदलामा हॉटेल, गॉलचा किल्ला, बेंटोटाजवळचं लुनुगंगा हे घर आणि बाग. शिवाय एक दिवस खरेदी आणि एक दिवस वॉटर स्पोर्ट्स. मागच्या वर्षी गेलेल्या एका ताई म्हणाल्या की निम्मा वेळ बसमध्ये गेला. उतरा, फोटो काढा, चढा. दुसऱ्या म्हणतात, कंदलामाला तीन तास मिळाले आणि त्यानंतर त्यांची सेक्शन (म्हणजे इमारतीचा उभा छेद) काढायची पद्धतच बदलली. दोघी एकाच सहलीला होत्या!

सहल सक्तीची नाही, पण तिच्यावरच्या डॉक्युमेंटेशनला गुण आहेत. जे गेले आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगा. आठ दिवसांत खरंच काही हाती लागतं का?

मोजपट्टी

लागतं, पण सगळी ठिकाणं बघून नाही. मी विद्यार्थी असताना हीच सहल केली आहे, आता पुण्यात काम करते. सिगिरियाचे माझ्याकडे दोनशे फोटो असतील, त्यातला एकही मी परत उघडला नाही. लुनुगंगाचं एक पान मात्र अजून टेबलासमोर लावलेलं आहे.

श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावांनी १९४८ मध्ये तळ्याकाठचा तो रबराचा जुना मळा घेतला आणि २००३ मध्ये जाईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. घराच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर सिनॅमन हिल नावाची टेकडी दिसते, तिच्यावर झाडाखाली ठेवलेलं एक मोठं रांजणासारखं भांडं आणि त्याच रेषेत दूरवर देवळाचा पांढरा स्तूप. घर आणि टेकडी यांच्यामधून गावचा रस्ता जातो. तो त्यांनी खाली उतरवून घेतला, त्यामुळे ओट्यावरून रस्ता आहे हे कळतसुद्धा नाही. पुस्तकात हा प्लॅन मी चार वेळा पाहिला होता. तिथे उतारावरून चालत गेले, खालून सायकलची घंटा ऐकू आली, तेव्हा पहिल्यांदा समजलं की सेक्शन म्हणजे काय. दीड तास बसून एकच रेषा काढली, ओट्यापासून स्तूपापर्यंत.

कंदलामाचंही तसंच. मालकांना हॉटेल सिगिरियाच्या पायथ्याशी हवं होतं. बावांनी ती जागा नाकारली आणि लांब तळ्याकाठची कड निवडली, जिथून सिगिरिया फक्त दिसतो. इमारत जवळपास किलोमीटरभर लांब आहे, तरी डोंगराचं पाणी तिच्याखालून वाहून जातं आणि येण्याच्या वाटेवर मूळचा खडक तसाच आत आलेला आहे. तिथे फोन बॅगेत ठेव आणि जिन्याचा एक टप्पा मोजून काढ. पाच मीटरची पट्टी, ए५ची वही, दोन पेनं आणि छत्री एवढं पुरतं.

तुमच्या कार्यक्रमात मिनेट डी सिल्व्हा कुठेच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्या कँडीच्या आर्किटेक्ट. शिकायला मुंबईत होत्या, १९४६ साली 'मार्ग' हे कला-वास्तुकलेचं त्रैमासिक सुरू करणाऱ्या गटातही होत्या. कँडीजवळ वटपुलुवा इथे त्यांनी १९५०च्या दशकात सरकारी नोकरांसाठी घरांची वसाहत केली, तीही आधी राहणाऱ्यांना प्रश्नावली देऊन, कोणाला काय हवं ते विचारून. एवढ्या वर्षांत लोकांनी त्या घरांत आपापले बदल केले आहेत. आपल्याकडे घरबांधणी शिकणाऱ्या मुलीला याहून चांगला धडा कुठे मिळणार? खरेदीचा दिवस आहेच. त्यातला अर्धा दिवस तिकडे द्या म्हणून सरांकडे आग्रह धर.

सोलकढी

खाण्याचं सांगतो. शाकाहारी असशील तर पोल संबोल घेण्याआधी विचार. खोबऱ्याची चटणी दिसते, पण त्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा चुरा असतो. इडियाप्पम मात्र बिनधास्त खा, आमच्या मालवणकडच्या शिरवाळ्यांची सख्खी बहीण. दुपारी साध्या खानावळीत भात आणि तीन-चार भाज्या मिळतात, पोट भरतं.

सिगिरियाला पहाटे लवकर चढा. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि वर सावली नाही. भारतीयांना सार्क देशांच्या सवलतीचं तिकीट मिळतं, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आमच्यातल्या चौघांचे बसमध्ये राहिले आणि पूर्ण पैसे पडले. कँडीच्या दंतमंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात काढू नका, तिथे तो गंभीर अपमान मानतात.

जुनं घर

मी एका कॉलेजात शिकवते, दोन सहलींबरोबर गेले आहे. पैशांबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण वर्गात हे कोणी बोलत नाही आणि तुझ्यासारखी मुलं गप्प बसून नाव मागे घेतात.

एक, विभागप्रमुखांना अर्ज दे. त्यात "अडचण आहे" एवढंच लिहू नकोस. छाटणीचा खर्च कधी, मालाचे पैसे कधी, आणि किती रक्कम कोणत्या महिन्यात भरू शकशील हे सरळ लिही. विमानाच्या तिकिटापुरते आता आणि उरलेले मार्चमध्ये, असं आम्ही तीन मुलांसाठी केलं होतं. दोन, न येणाऱ्यांना त्याच गुणांचं दुसरं काम काय आहे, हे लेखी विचार. सक्ती नसलेल्या सहलीमुळे कोणाचे गुण जाता कामा नयेत. तीन, ७८ हजारांत टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घ्यायचा आयकर) धरला आहे का? परदेशी पॅकेजवर टूर कंपनी तो वसूल करते आणि ज्याच्या पॅनवर जमा होतो, त्याला विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. म्हणून पावती कोणाच्या नावाने होणार ते आधी ठरवा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज कर. साध्या पासपोर्टचे दीड हजार लागतात. उशीर झाला तर तत्काळचे आणखी दोन हजार कशाला?

आणि वॉटर स्पोर्ट्सचा दिवस काढला तर माणशी किती कमी होतात, हेही विचारा. आमच्या मुलांनी विचारलं तेव्हा रक्कम खरंच कमी झाली होती.

नागरकोइल पॅसेंजर

मी गेलो नव्हतो. घरी तेव्हा आजारपण होतं. त्याऐवजी आम्ही तिघं पुण्याहून थेट तमिळनाडूतल्या नागरकोइलच्या गाडीने गेलो आणि तिथून जवळचा पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा चार दिवस मोजला. उतरती छपरं, झरोके, आतले चौक, पावसाशी जुळवून घेणं, हे सगळं तिथे आहे. सगळं धरून नऊ हजारांत झालं. सोमवारी बंद असतो, तेवढं बघ. श्रीलंका राहिल्याचं दुःख झालं, खोटं बोलणार नाही. पण त्या मोजमापांवरच मला पहिली इंटर्नशिप मिळाली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना वाचून दाखवला. पैशांचा भाग ते गप्प ऐकत होते. लुनुगंगाचं आलं तसं म्हणाले, "एवढा उतार आहे तर पाण्याचा निचरा कुठे काढलाय? मळ्याची माती वाहून कशी जात नाही?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, गेलीस तर हे बघून ये.

सोसायटीचं कर्ज काढायचं नाही, हे मात्र मी ठरवलं आहे आणि त्यांनीही ऐकलं. अर्ज लिहिला आहे : आता २५ हजार, उरलेले मार्चअखेर. त्याच कागदावर वटपुलुवा आणि वॉटर स्पोर्ट्सचंही लिहिलंय, खाली वर्गातल्या अकरा जणांच्या सह्या आहेत. त्यातल्या चौघांची अडचण माझ्यासारखीच निघाली, आणि आम्ही तीन वर्षं शेजारी बसतोय. सोमवारी देणार आहोत. हप्ते मान्य झाले नाहीत तर आम्ही पाच जण पद्मनाभपुरमला जाऊ.

जुनं घर ताई, अर्जाचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. रविवारपर्यंत नजर टाकाल का?