व्हेगस मज्जातंतू कापल्यावर जठराच्या अस्तराचे नवीकरण मंदावते का?

प्रश्न :
एमएस्सीच्या चर्चासत्रासाठी मी उंदरांवरील व्हेगॉटॉमीचे, म्हणजे मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू कापण्याचे, प्रयोग वाचत आहे. काही ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर अस्तरातील पेशीविभाजन घटल्याचे म्हटले आहे, तर काही ठिकाणी ते वाढल्याचे. यातले नेमके काय ग्राह्य धरावे?

प्रतिसाद १ :
दोन्ही बाजूंचे व्हेगस कापले असतील, तर त्या निष्कर्षांकडे मी साशंकतेनेच पाहीन. अशा प्राण्यात आम्ल कमी झाल्यामुळे रक्तातील गॅस्ट्रिन वाढते, आणि गॅस्ट्रिन हे स्वतःच आम्ल स्रवणाऱ्या भागातील पेशींच्या वाढीला चालना देणारे संप्रेरक आहे. शिवाय जठर नीट रिकामे होत नाही, त्यामुळे अन्न साचून ते ताणले जाते. शिकागोत शल्यचिकित्सक ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये पक्वाशयाच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) व्रणासाठी ही शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा माणसांतही हाच त्रास दिसला आणि पुढे तिच्या जोडीला जठराचे निर्गमद्वार रुंद करण्याची प्रथा पडली. म्हणून विभाजन वाढलेले दिसले, तरी त्याचे श्रेय मज्जातंतूच्या अभावाला द्यायचे की गॅस्ट्रिनला की ताणाला, हे त्या प्रयोगातून ठरत नाही.

प्रतिसाद २ :
या अडचणीवरचा मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे एकाच बाजूचा व्हेगस कापणे. पुढचा व्हेगस प्रामुख्याने जठराच्या पुढच्या भिंतीला आणि मागचा मागच्या भिंतीला जातो. रक्तातले गॅस्ट्रिन मात्र दोन्हीकडे सारखेच पोचते, त्यामुळे त्याच प्राण्याची दुसरी बाजू तुलनेसाठी हाताशी राहते. स्वीडनमधील लुंडच्या गटाने १९८४ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा मज्जातंतू तोडलेल्या बाजूचे अस्तर रोडावलेले आढळले. २०१४ मध्ये कर्करोगप्रवण उंदरांतही तोडलेल्या बाजूलाच गाठी कमी झाल्या, आणि त्यामागे ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूतून स्रवणाऱ्या संदेशद्रव्याचा पेशींवरील एम३ ग्राहक व पेशींच्या वाढीचे नियमन करणारा व्हिंट संदेशमार्ग असल्याचे दाखवले गेले.

प्रतिसाद ३ :
मोजमापाची वेळही तपासा. पृष्ठभागावरील श्लेष्मपेशी काही दिवसांतच बदलतात, पण उंदरातील आम्लस्रावी पेशी सुमारे ५४ दिवस टिकतात आणि पेप्सिनोजेन (पाचक विकर पेप्सिनचे पूर्वरूप) बनवणाऱ्या पेशी त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात ट्रिटियमयुक्त थायमिडीन (विभाजनापूर्वी नव्याने बनणाऱ्या डीएनएत सामावणारे किरणोत्सारी खूणद्रव्य) टोचून मिळालेला आकडा बहुतांशी ग्रंथीच्या मानेजवळील विभाजनाबद्दलच सांगतो. अस्तराची जाडी हा वेगळाच निकष आहे, कारण ती पेशी किती जन्मल्या यावर जितकी, तितकीच किती झडल्या यावरही अवलंबून असते. तुम्ही वाचलेल्या लेखांत यांपैकी नेमके काय मोजले आहे, ते आधी वेगळे करा. बराचसा विरोध तिथेच सुटेल.