अनुभव धागा: उगवतीचे डोंगर आणि आपले पॅनोरमा

पाऊस परतला की आपल्याकडची हवा काही दिवस धुऊन काढल्यासारखी असते. ठाण्यात उंच इमारतीच्या गच्चीवर गेलं की मुंब्र्याच्या डोंगराच्या डोक्यावरून मलंगगडाचे सुळके डोकावतात. पुढे थंडी वाढली की तेच सगळं धुरकटात जातं. तेव्हा पहाटे कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन बाहेर पडणाऱ्यांनो, लिहा. "काय सुंदर दृश्य होतं" एवढंच नको. कुठे उभे होतात, महिना कोणता, पॅनोरमासाठी, म्हणजे एका लांब आडव्या फोटोसाठी, सुटे फोटो कसे जोडलेत ते सांगा. आणि परवानगी असलेल्याच जागा सांगा. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. अंधारात आत शिरल्याच्या शौर्यकथांसाठी हा धागा नाही.

सुरुवात माझ्यापासून. पाचपाखाडीतल्या आमच्या गच्चीवरून डिसेंबरात सूर्य साधारण मलंगगडाच्या अंगाने वर येतो. जूनमध्ये तोच टिटवाळ्याच्या बाजूला सरकलेला असतो. आपल्या अक्षांशावर वर्षभरात उगवतीची जागा जवळजवळ ५० अंशांनी हलते. म्हणून एखादा सुळका आणि सूर्य एका रेषेत हवे असतील तर आधी महिना ठरवायचा, मग गजर लावायचा. गजराचंही तसंच: मेअखेर सहाला सूर्योदय, जानेवारीत सव्वासातला. थंडीत झोप जास्त मिळते, पण हवा खराब मिळते.

ऐरोली:
सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात, मी पाठ करतो. आमच्या मागे पारसिकचा डोंगर असल्यामुळे ऐरोलीत ऊन उशिरा येतं, पण खाडीपलीकडची येऊरची रांग त्याआधीच उजळते. खाली मुलुंडचे टॉवर अजून निळसर सावलीत आणि वर डोंगराची कड तांबूस. हा खेळ काही मिनिटांचाच असतो. सूर्योदयाच्या थोडं आधी पश्चिमेला क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे आकाशावर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य वर येऊ लागला की ती खाली उतरत जाते. आडव्या लांब फोटोसाठी याहून चांगलं आकाश मला मिळालेलं नाही. सूर्य चौकटीत नसल्यामुळे प्रकाशाची ओढाताणही नाही.

खारघर:
जरा सविस्तर लिहिते, कारण टेकडीवर फिरायला येणारे रोज हेच विचारतात.

टेकडीवरून डावीकडे मलंगगड, मग चंदेरी, माथेरान, प्रबळगड, त्याला चिकटलेली कलावंतीण, पुढे इर्शाळ आणि उजवीकडे दूर कर्नाळ्याचा अंगठा. साधारण ११० अंशांचा पट्टा. यासाठी वाइड लेन्स लावली की प्रबळगड टेंगळाएवढा दिसतो आणि फोटोत नुसतं आकाश उरतं. मी फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ७० मिमीची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावते, कॅमेरा उभा धरते आणि एकेका फ्रेमचा तिसरा हिस्सा पुढच्या फ्रेमवर चढेल असं फिरवत जाते. नऊ-दहा फ्रेममध्ये काम होतं.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ठरावीक, ऑटोफोकस एकदा डोंगरावर लावून बंद. यातलं एक जरी ऑटोवर राहिलं तरी जोडलेल्या आकाशात पट्टे उमटतात. उजेडाचं मोजमाप सूर्याशेजारच्या उजळ भागावरून घ्यायचं आणि फोटोही त्याच बाजूने सुरू करायचे, कारण उजेड तिथेच सगळ्यात झपाट्याने बदलतो. पूर्ण मालिका मिनिटाच्या आत संपवायची. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, घरी ठेवा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सगळ्यात जास्त गडद करतो, त्यामुळे लांब पॅनोरमात मध्येच काळा डाग पडल्यासारखं होतं.

ट्रायपॉडबद्दल: कॅमेरा समतल असून भागत नाही, कॅमेरा ज्यावर फिरतो त्या हेडखालचा भाग समतल हवा. नाहीतर फिरवताना क्षितिज हळूहळू चढत जातं. लेन्स नेमकी तिच्या स्वतःच्या बिंदूभोवती फिरावी, म्हणजे जवळच्या वस्तू दूरच्या डोंगरांपुढे फ्रेमागणिक सरकू नयेत, म्हणून स्लायडिंग पट्टी मिळते. पण समोर कठडा किंवा झाडाची फांदी नसेल, सगळं काही किलोमीटर दूर असेल, तर तो खर्च करू नका. फोटो जोडायला ह्युगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात प्रोजेक्शन (दृश्य सपाट पसरण्याची पद्धत) सिलिंड्रिकल ठेवा.

वेळ? सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी, डोंगर एकामागे एक वेगवेगळ्या निळ्या छटांत सुटे दिसतात तेव्हा. सूर्य वर आला की पूर्वेकडचे सगळे डोंगर एकाच धुरकट भिंतीत मिसळतात. लोक नेमके तेव्हा पोचतात!

कळवा:
ताई, हे सगळं ठीक, पण आमच्यासारख्या मोबाईलवाल्यांनी काय करायचं?

खारघर:
फोन उभा धरा, कोपरं अंगाला चिकटवा, हात न हलवता कमरेतून वळा. सुरू करण्यापूर्वी आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. त्याहून बरं म्हणजे पॅनोरमा मोड सोडून २ एक्सवर (दुप्पट झूमवर) सुटे फोटो काढा आणि नंतर जोडा. डोंगर निदान डोंगराएवढे दिसतील.

नेरूळ:
माथेरानला मुक्काम असेल तर पॅनोरमा पॉइंट. बाजारपेठेपासून लांब आहे, गाड्या गावात चालत नाहीत, म्हणजे अंधारातच विजेरी घेऊन चालायला लागायचं. थंडीत रात्री गार हवा उतारावरून खाली उल्हासच्या खोऱ्यात साचते आणि नेरळची बाजू धुक्याने भरून जाते. पलीकडे भीमाशंकरकडची रांग वर तरंगते. धुकं सरकत असतं, त्यामुळे दोन फ्रेममध्ये उशीर झाला की जोड दिसतो. तिथे मी फ्रेम कमी करते आणि लेन्स थोडी वाइड ठेवते. एसी खोलीतून निघत असाल तर बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे काचेवर दव धरणार नाही. माकडांपासून सांभाळा, हे सांगायला नकोच.

उलवे:
ड्रोनचं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच: उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा. विमानतळाभोवती रेड झोन (परवानगीशिवाय उड्डाण बंद) असतो आणि नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन आता सुरूही झाला आहे. जुन्या सवयीने इकडे ड्रोन काढू नका.

बाकी, २०१६ मध्ये बेलापूरहून काढलेला माझा एक पॅनोरमा आहे. त्यात उलव्याची टेकडी आहे. विमानतळासाठी ती कापून सपाट केली. प्रगतीला माझा विरोध नाही, विमान मलाही आवडतं. पण ज्यांच्या गच्चीवरून आज एखादा डोंगर दिसतो त्यांनी साधासुधा का होईना, तारखेसह एक फोटो काढून ठेवावा. पुढ्यातला टॉवर कधी उभा राहील सांगता येत नाही.

घणसोली:
आणि ज्यांनी ऍपमधून लडाखचं आकाश आणून पारसिकवर चिकटवलं आहे त्यांनी कृपया इथे फोटो टाकू नयेत. सूर्य डावीकडे, डोंगरावरचं ऊन उजवीकडून. निदान तेवढं तरी जुळवा.

वाशी:
खारघरच्या ताई, नऊ फ्रेमचा फोटो छापला तर केवढा होईल?

खारघर:
२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर जोडून रुंदी साधारण २५,००० पिक्सेल होते. २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) छापलं तर दहा फुटांच्या वर.

वाशी:
वन बीएचकेमध्ये दहा फूट मोकळी भिंत कुठे असते तेही सांगा. एक आहे, पण तिथे फ्रीज आहे.

पाचपाखाडी:
अर्ध्या आकारात छापा, पाच फूट पुष्कळ झाले. आणि फ्रीजच्या वर.