चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, स्लोला मात्र टिकत नाही

प्रश्न : लांबपल्ला

जुना पेट्रोल ट्रक आहे. सरळ सहा सिलिंडर, एक बॅरलचा कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, हाताचे गिअर. थंड असताना चोकवर छान चालतो. गरम झाला की स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, आरपीएम वरखाली होतात आणि क्लच दाबून थांबलं की बंद पडतो. आधीच्या मालकाने स्लोचा स्क्रू बराच आत घेऊन ठेवलाय, त्यामुळे काटा हजाराच्या वर असतो. आणि आता चावी बंद केली तरी इंजिन हिसके देत फिरत राहतं, शेवटी एक झटका देऊन थांबतं. मिक्श्चर स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आत-बाहेर करून काही फरक पडत नाही. कार्बोरेटरच बदलू का?

उत्तर : निळाधूर

कार्बन साचलाय. चेंबरमधला कार्बन तापून लाल होतो आणि स्पार्क नसतानाही पेट्रोल पेटतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून बघा.

उत्तर : सरळसहा

कार्बोरेटर बदलू नका, निदान इतक्यात तरी. तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. गाडी स्लोला टिकेना म्हणून स्क्रू आत गेला. स्क्रू आत गेला म्हणून थ्रॉटलची पाकळी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, उघडी राहिली. आणि पाकळी उघडी म्हणून चावी बंद केल्यावरही हवा-पेट्रोल आत जात राहतं. कार्बन ते पेटवतो हे खरं, पण त्याला खायला मिळालं नाही तर तो काय पेटवणार? मिक्श्चर स्क्रू मुका होण्याचं कारणही तेच. पाकळी फार उघडली की पेट्रोल वरच्या उभ्या फटीतून, म्हणजे ट्रान्सफर स्लॉटमधून येऊ लागतं आणि स्क्रूच्या भोकाला काही कामच उरत नाही.

तेव्हा शोधायचं ते हे, की गाडी मुळात स्लोला का टिकत नाही. थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर वाईट, यावरून मला कुठेतरी चोरटी हवा ओढतेय असं वाटतं. चोकचं जादा पेट्रोल ती हवा झाकून टाकतं, चोक उघडला की उघडं पडतं. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेची) नळी बघा. कार्ब क्लीनरचा फवारा मारून बघा असं सगळे सांगतात, पण सरळ सहामध्ये बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या बरोबर खाली असतो. तापलेल्या लोखंडावर तो फवारा म्हणजे आगीला आमंत्रण. रबरी नळीचा तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं सांध्यावरून हळूहळू फिरवा. पंख्याच्या पट्ट्यापासून सांभाळून. गळती असली तर सूं असा आवाज स्पष्ट येतो.

व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारं मीटर, असेल तर लावाच. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीजवळ साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो.

आणखी एक. काही कार्बोरेटरवर थ्रॉटलच्या दांडीला टेकणारा छोटा सोलेनॉइड असतो. चावी चालू असताना तो पाकळी जराशी उघडी धरतो, बंद केली की मागे सरकून पूर्ण मिटू देतो. तुमच्याकडे आहे का?

लांबपल्ला :

सापडलं! नळी कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला नेली आणि कानात शिट्टीच वाजली. खोलून बघितलं तर पॅकिंग एका कोपऱ्यात वाळून काळं पडलंय, आणि तळाच्या फ्लँजवर पट्टी आडवी ठेवली तर मधून उजेड दिसतो. सोलेनॉइड आहे, पण त्याची वायर नुसती लोंबकळतेय.

सरळसहा :

नट आवळून आवळून फ्लँज वाकतो, जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने घासून घ्या, नवं पॅकिंग टाका, नट आळीपाळीने आणि बेतानेच आवळा.

मग स्लोचा स्क्रू मागे घ्या, मिक्श्चर स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घेऊन दीड आटा बाहेर. इंजिन गरम झाल्यावर तिथून पुढे कानाने आणि गेजने. स्लो ६०० ते ७०० च्या आसपास. बॉनेटखाली स्टिकर शाबूत असेल तर त्यावरचाच आकडा धरा. सोलेनॉइडची वायर जोडून चावी चालू केल्यावर ॲक्सिलरेटर एकदा हलका दाबा. त्याच्यात थ्रॉटल ढकलण्याइतकी ताकद नसते, दांडी सुटी झाली की मगच तो बाहेर येतो. नाहीतर चांगला सोलेनॉइड मेलाय समजून लोक फेकून देतात.

लांबपल्ला :

पॅकिंग, फ्लँज, वायर, सगळं केलं. गेज १८ वर स्थिर, स्लो ६५० वर गुळगुळीत, मिक्श्चर स्क्रू आता पाव आट्यालाही बोलतो. चावी बंद केली की लगेच थांबतो. फक्त लांब चढ चढून आल्यावर अजून एखादा हिसका देतो.

सरळसहा :

मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बघा, म्हणजे स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क. त्यांचा फायबरचा ठोकळा झिजला की गॅप कमी होते आणि स्पार्कचं टायमिंग मागे पडतं, इंजिन जास्त तापतं. फिलर गेजने गॅप आधी, टायमिंग लाइट नंतर. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा करावं लागेल. लाइट लावताना व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर स्पार्क लवकर आणणारी) नळी काढून तिचं तोंड बंद करा. एवढं करूनही हिसका राहिला तर निळाधूर यांचं ऐका आणि ऑक्टेन वाढवा. तोवर चढ चढून आलात की अर्धा मिनिट स्लोला चालू ठेवून मग बंद करा. कधी थांबलाच नाही तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा.