नुसत्या एनसीवर परत फिरू नका

बातमीचं काम करताना तुमचा कॅमेरा फोडला, तरी पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलीस स्वतःहून करत नाहीत) लिहून घेतली आणि वाटेला लावलं, असं तुम्ही म्हणता. तिथेच अडून बसायचं होतं. महाराष्ट्राचा २०१७चा पत्रकार संरक्षण कायदा लावायला सांगा: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद. माझ्या वेळी ठाणे अंमलदाराने या कायद्याचं नावच ऐकलं नव्हतं. मोबाइलवर राजपत्र उघडून दाखवलं तेव्हा कुठे पेन हललं. तरीही ऐकलं नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४)खाली तक्रार टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना, पोचपावतीसह. मात्र पत्रकार संरक्षण कायद्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेल्यांपुरतीच. एकट्याने यूट्यूब चालवणाऱ्यांचं अवघडच आहे. कॅमेऱ्याचं बिल आहे ना जवळ? नुकसानभरपाई मागताना लागेल.